मोठ्या माणसांच्या लसी: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

घरातल्या बाळाची पुढची लस कधी आहे ते सगळ्यांना पाठ असतं, पण त्याच घरातल्या मोठ्या माणसाला विचारा की तुमची धनुर्वाताची लस शेवटची कधी झाली, तर उत्तर येतं "झाली असेल की कधीतरी". वडिलांना नागीण झाली तेव्हा आमच्याकडेही हेच उत्तर होतं. त्यानंतर मी घरातल्या ६ मोठ्या माणसांची एक वही केली, कुणाची कुठली लस कधी झाली, पुढची कधी आहे, आणि ती करताना जे वाचलं, डॉक्टरांना खोदून खोदून विचारलं, तेच नंतर नातेवाईक आणि ओळखीचे लोक मला विचारायला लागले. प्रश्न तेच ते येतात म्हणून एकदाच सगळं लिहून ठेवतेय. मी डॉक्टर नाही, शिवाय शेड्यूल देशाप्रमाणे थोडं बदलतं, त्यामुळे शेवटचा शब्द तुमच्या डॉक्टरांचा. पण डॉक्टरांना काय विचारायचं ते तरी इथून घेऊन जा.

लहानपणी सगळ्या लसी झाल्यात की, आता परत कशाला?

कारण सगळ्या लसी सारख्या टिकत नाहीत. गोवराचं बघा, १८४६ साली फॅरो बेटांवर गोवराची मोठी साथ आली आणि पीटर पानुम नावाचा तरुण डॅनिश डॉक्टर तिथे गेला. त्याला दिसलं की बेटावर जवळपास सगळे आजारी पडले, पण ज्या म्हाताऱ्या माणसांना १७८१ च्या साथीत गोवर येऊन गेला होता त्यांना ६५ वर्षांनी परत झाला नाही. म्हणजे शरीर काही आजार आयुष्यभर लक्षात ठेवतं. पण धनुर्वात, घटसर्प आणि डांग्या खोकला यांच्या लसींचं तसं नाही, त्यांचा जोर वर्षागणिक उतरत जातो. फ्लूमध्ये आपली आठवण शाबूत असते पण व्हायरसच रूप बदलतो. नागीण आणि न्यूमोनिया हे वय वाढलं की डोकं वर काढणारे आजार, त्यामुळे त्यांच्या लसी लहानपणी घेऊन म्हातारपणाची सोय होत नाही.

आणि अजून एक, जे लोकांच्या लक्षातच येत नाही. आपण लहान होतो तेव्हा यातल्या कितीतरी लसी नव्हत्याच. लिव्हर खराब करणाऱ्या हिपॅटायटिस बी ची पहिली लस १९८१ ची, एचपीव्हीची (गर्भाशयमुखाचा कॅन्सर करणारा व्हायरस) २००६ ची, नागिणीची आत्ता जी वापरतात ती २०१७ ची, आरएसव्हीची (फुप्फुसांवर जाणारा, सर्दीसारखा सुरू होणारा व्हायरस) तर २०२३ ची. "माझ्या सगळ्या झाल्यात" याचा अर्थ "त्या काळात ज्या होत्या त्या झाल्यात" एवढाच.

माझं जुनं कार्ड हरवलंय, कुठली लस झाली काहीच माहीत नाही. आता काय?

बहुतेकांचं हेच आहे, त्यामुळे लाजू नका. आधी आईवडिलांना विचारा, जुन्या फाइली बघा, शाळा-कॉलेजात किंवा नोकरीला लागताना मेडिकल झालं असेल तर तिथे कागद असू शकतो. नाहीच सापडलं तर नियम सोपा आहे, लेखी पुरावा नाही म्हणजे लस झालेली नाही असं धरून चालायचं. गोवर, कांजिण्या, हिपॅटायटिस बी यांच्यासाठी रक्त तपासून अँटीबॉडी आहेत का ते कळतं, पण प्रत्येक वेळी तपासत बसण्यापेक्षा लस घेऊन टाकणं सोपं पडतं असं डॉक्टरच सांगतात. आधी झालेली असेल आणि परत घेतली तरी सहसा काही बिघडत नाही, फार तर दंड थोडा जास्त दुखेल.

धनुर्वाताचं इंजेक्शन लागलं-खुपलं की घेतोच ना, मग वेगळं कशाला घ्यायचं?

कारण धनुर्वात मोठ्या जखमेचीच वाट बघतो असं नाही. त्याचे जंतू मातीत, धुळीत, शेणात बीजाणू होऊन वर्षानुवर्षं पडून असतात आणि बागेत काम करताना गुलाबाचा काटा घुसला, पायाला बारीक कुसळ टोचलं, तेवढ्यानेही ते आत जातात. अशा जखमेसाठी कोण दवाखान्यात जातं? आपण बोट तोंडात घालतो आणि कामाला लागतो.

आत गेल्यावर तो जंतू जे विष सोडतो ते स्नायूंना सैल पडू देत नाही, म्हणून आधी जबडा आवळतो आणि मग पाठ धनुष्यासारखी ताणली जाते, नावच त्यावरून पडलंय. हा आजार एका माणसाकडून दुसऱ्याला होत नाही, त्यामुळे आजूबाजूच्या सगळ्यांनी लस घेतली म्हणून मी वाचलो असा हिशोब इथे चालत नाही, ज्याची त्याने घ्यावी लागते. शिवाय धनुर्वात होऊन बरा झालेल्या माणसालाही तो परत होऊ शकतो, कारण आजार होण्यापुरतं विष इतकं थोडं असतं की शरीराला त्याची ओळखच पटत नाही.

लहानपणचे डोस पूर्ण असतील तर बऱ्याच देशांत दर १० वर्षांनी एक बूस्टर सांगतात. जखम किरकोळ आणि स्वच्छ असेल तर शेवटच्या डोसला १० वर्षं झालीत का ते बघतात, माती-शेण लागलेली किंवा खोल असेल तर ५ वर्षं झाली असली तरी परत देतात. म्हणून तारीख हवी. अपघात विभागात "शेवटचं कधी घेतलंत" हा प्रश्न हमखास येतो आणि त्या वेळी कुणालाच आठवत नाही.

मागताना नुसतं "टीटी द्या" म्हणू नका, टीडी किंवा टीडॅप आहे का विचारा. टीडीमध्ये धनुर्वाताबरोबर घटसर्प येतो, टीडॅपमध्ये डांग्या खोकलाही.

डांग्या खोकला तर लहान मुलांचा आजार, मोठ्यांना त्याचं काय?

मोठ्यांना तो होतो, फक्त ओळखू येत नाही. आठवडेच्या आठवडे खोकला जात नाही, रात्री ढास लागते, आपण म्हणतो हवा बदलली. आणि तोच खोकला घेऊन आपण नवजात बाळाला मांडीवर घेतो. बाळाची या आजाराची पहिली लस ते दीड-दोन महिन्यांचं झाल्यावर असते, तोपर्यंत त्याच्याकडे स्वतःचं काहीच नसतं, आणि या आजाराने जी बाळं दगावतात त्यातली बहुतेक अगदी याच वयाची असतात. इतक्या लहान बाळाला कधी कधी खोकलाही येत नाही, श्वासच मध्ये मध्ये थांबतो.

म्हणून गरोदरपणात, प्रत्येक गरोदरपणात, साधारण २७ ते ३६ आठवड्यांच्या मध्ये टीडॅप घ्यायला सांगतात, आईच्या अँटीबॉडी नाळेतून बाळाकडे जातात आणि पहिले २-३ महिने तेच त्याचं कवच. दोन मुलांमध्ये दीड वर्षाचंच अंतर असलं तरी दुसऱ्या वेळी परत घ्यायची. आणि आजी-आजोबा, मावशी, काका, जे कुणी बाळाला सांभाळणार आहेत त्यांनी बाळ जन्मायच्या निदान २ आठवडे आधी आपला डोस झालाय का ते बघा, कारण लस टोचली त्याच दिवशी काम करत नाही.

फ्लूची लस दरवर्षी का? एकदाच जोरदार बनवता येत नाही का?

फ्लूच्या व्हायरसवर जे काटे असतात ते सतत थोडे थोडे बदलत असतात, मागच्या वर्षीच्या अँटीबॉडीला यंदाचा व्हायरस धड ओळखू येत नाही. डब्ल्यूएचओची तज्ज्ञ मंडळी वर्षातून दोनदा बसतात, फेब्रुवारीत उत्तर गोलार्धासाठी आणि सप्टेंबरमध्ये दक्षिणेसाठी, आणि जगभरातून आलेले नमुने बघून यंदा लसीत कुठले प्रकार घालायचे ते ठरवतात. कधी अंदाज चांगला जमतो, कधी कमी. पण कमी जमलेल्या वर्षीही आजार हॉस्पिटलपर्यंत जाण्याची शक्यता घटते, आणि मला तेच महत्त्वाचं वाटतं.

हार्टचा त्रास असलेल्यांनी तर अजिबात टाळू नका. कॅनडातल्या ऑन्टारिओमधला २०१८ मध्ये छापून आलेला अभ्यास आहे, त्यात फ्लू पक्का निदान झाल्यानंतरच्या पहिल्या आठवड्यात हार्ट अटॅकचं प्रमाण एरवीच्या जवळपास ६ पट दिसलं. म्हणजे हा नुसता सर्दी-तापाचा विषय राहत नाही.

पण मला तर लस घेतल्यावरच फ्लू झाला होता!

दंडात देतात त्या लसीत जिवंत व्हायरस नसतो, त्यामुळे त्या लसीने फ्लू होऊच शकत नाही. अंग दुखणं, एखाद दिवस कसकस, हे शरीर कामाला लागल्याचं लक्षण. बाकी असं होतं की लस लागू पडायला साधारण २ आठवडे लागतात आणि लोक घेतात साथ दारात आल्यावर, मग त्या २ आठवड्यांत गाठलं की दोष लसीला. शिवाय सर्दीचे व्हायरस ढिगाने आहेत, ते काही या लसीने अडत नाहीत. साथीचा सीझन सुरू व्हायच्या आधी घ्या, एवढं पाळलं तरी पुष्कळ.

६५ च्या पुढच्यांसाठी काही ठिकाणी हाय डोस लस मिळते, त्यात नेहमीच्या चौपट अँटीजेन (शरीराला व्हायरसची ओळख करून देणारा भाग) असतं. उपलब्ध असेल तर विचारा, नसेल तर साधी घ्या, हाय डोससाठी थांबून सीझन घालवू नका.

नागिणीची लस खरंच गरजेची आहे का? ती तर आपोआप बरी होते.

इथे मी जरा जास्त लिहिणार आहे.

वडील तेव्हा ६८ चे. उजव्या बाजूला बरगडीखाली दुखायला लागलं, त्यांना वाटलं काहीतरी उचलताना लचक भरली, दोन दिवस मलम चोळलं. तिसऱ्या दिवशी पाठीच्या मणक्यापासून पोटाच्या मध्यापर्यंत एक पट्टा उठला, लालभडक, त्यावर पाण्याने भरलेले बारीक फोड, आणि मधल्या रेषेला येऊन तो पट्टा असा थांबला जणू कुणी फूटपट्टी ठेवली होती. अंगाला बनियन लागलेला सहन होत नव्हता. खुर्चीत बसल्या बसल्या झोपायचे आणि झोपेतसुद्धा डाव्या हाताच्या चिमटीत शर्ट धरून अंगापासून लांब ठेवलेला असायचा. फोड ३ आठवड्यांत सुकले. दुखणं ७ महिने राहिलं. वारा लागला तरी चटका बसतो म्हणायचे.

हे असं होतं कारण नागीण बाहेरून येत नाही. लहानपणी कांजिण्या होऊन जातात तेव्हा तो व्हायरस मरत नाही, मणक्याजवळच्या नसांच्या गाठींमध्ये जाऊन झोपतो, ५०-६० वर्षंसुद्धा. वय वाढलं, प्रतिकारशक्ती ढिली पडली की एखाद्या नसेतून उतरतो, म्हणून पट्टा एकाच बाजूला. फोड जातात पण नस दुखावलेली राहते ती अशी महिनोन्महिने छळते. साधारण ३ माणसांत १ जणाला आयुष्यात कधी ना कधी नागीण होते.

वडील दर ३ महिन्यांनी बीपीसाठी ज्या डॉक्टरांकडे जायचे त्यांनी कधी या लसीचा विषय काढला नाही आणि आम्ही विचारलं नाही, कारण अशी लस असते हेच माहीत नव्हतं. आता ही वही लिहिते ती त्यामुळेच.

लस २ डोसची, मध्ये २ ते ६ महिने अंतर, ५० च्या पुढच्या सगळ्यांना सांगतात, आणि ज्यांची प्रतिकारशक्ती आजाराने किंवा औषधाने कमी झालीय त्यांना १८-१९ च्या पुढे कधीही. जिवंत व्हायरसची नाही, त्यामुळे त्यांनाही चालते. ट्रायलमध्ये ५० च्या पुढच्यांत ९७ टक्के आणि ७० च्या पुढच्यांत सुमारे ९० टक्के बचाव दिसला, इतक्या वयाच्या माणसांत एखादी लस एवढी चालणं मोठी गोष्ट आहे. एकदा नागीण होऊन गेली तरी घ्यायची, कारण परत होऊ शकते. वडिलांनी पुरळ पूर्ण गेल्यावर घेतली. खरं सांगायचं तर ही लस त्रास देते, दंड दुखतो, काहींना थंडी-ताप येऊन एक-दोन दिवस पडून राहावं लागतं, त्यामुळे दुसऱ्या दिवशी महत्त्वाचं काम ठेवू नका. पण त्या भीतीने दुसरा डोस टाळू नका.

आणि लस घेतलेली असो वा नसो, एका बाजूला असा पट्टा उठला तर थांबायचं नाही. व्हायरसवरच्या गोळ्या पुरळ उठल्यापासून ७२ तासांच्या आत सुरू झाल्या तर जास्त उपयोग होतो. कपाळावर, डोळ्याजवळ किंवा नाकाच्या शेंड्यावर फोड आले तर त्याच दिवशी डोळ्यांच्या डॉक्टरांकडे, नजरेचा प्रश्न असतो.

न्यूमोनियाची लस एकदा घेतली की झालं ना?

कुठली घेतली त्यावर आहे. न्यूमोकॉकस नावाच्या जंतूचे १०० च्या आसपास प्रकार आहेत, लसीच्या नावापुढचा आकडा म्हणजे ती त्यातल्या किती प्रकारांवर चालते. पीसीव्ही २० घेतली तर बहुतेकांना पुढे काही लागत नाही. पीसीव्ही १५ घेतली तर साधारण वर्षाने पीपीएसव्ही २३ घ्यायची असते. फक्त जुनी २३ वाली झाली असेल तर निदान वर्षभराने पीसीव्ही घेऊन टाका, त्याने शरीराची आठवण जास्त पक्की होते. म्हणून वहीत नुसतं "न्यूमोनिया लस" लिहून भागत नाही, आकडासुद्धा लिहा. वय ६५, काही देशांत आता ५० पासूनच. सिगारेट, दमा, शुगर, किडनी, लिव्हर, हार्ट यातलं काही असेल तर वयाची वाट न बघता विचारा. ही लस सगळे न्यूमोनिया अडवत नाही, एका मुख्य जंतूचे अडवते.

हिपॅटायटिस बी ची लस फक्त डॉक्टर-नर्सना लागते ना?

नाही. त्यांना तर हवीच, पण हा व्हायरस रक्तातून, शरीरसंबंधातून पसरतो आणि शरीराबाहेर पडलेल्या रक्तात ७ दिवस जिवंत राहू शकतो, त्यामुळे कुणाचा वस्तरा वापरला, न उकळलेल्या सुईने टॅटू काढला, एवढ्यानेही होतो. डब्ल्यूएचओच्या २०२२ च्या आकड्याप्रमाणे जगात २५ कोटी ४० लाख माणसं हा आजार अंगात घेऊन जगतायत, आणि त्यातल्या खूप जणांना पत्ताच नाही, कारण तो वर्षानुवर्षं गुपचूप लिव्हर खराब करतो आणि शेवटी सिरोसिस नाहीतर कॅन्सर होऊनच समोर येतो. कॅन्सरपासून वाचवणारी ही पहिली लस.

डोस ३, आज, मग १ महिन्याने, मग ६ महिन्यांनी. यातला तिसरा हमखास राहून जातो, पहिल्या डोसच्या दिवशीच मोबाइलमध्ये तारीख टाका. एक नवी लस २ डोसचीही आहे. डायलिसिसवाले, हॉस्पिटलमध्ये काम करणारे, ज्यांच्या घरात कुणाला हा आजार आहे, यांनी शेवटच्या डोसनंतर १-२ महिन्यांनी रक्त तपासून घ्यायचं, अँटीबॉडीचा आकडा १० किंवा त्याच्यावर आला तर लस लागली असं समजतात. आणि घरात कुणाला आजार असेल तर लसीबरोबर स्वतःची साधी टेस्टसुद्धा करून घ्या, आधीच झालेला आजार लसीने जात नाही.

लग्न झालंय, मुलं आहेत, आता एचपीव्हीचा काही उपयोग आहे का?

सगळ्यात जास्त उपयोग ९ ते १४ वयात, कारण व्हायरस भेटायच्या आधी लस पोचते. पण २६ पर्यंत राहिलेल्यांना द्यायला सांगतात, आणि २७ ते ४५ मध्ये डॉक्टरांशी बोलून ठरवायचं, कारण या व्हायरसचे लसीतले सगळे प्रकार आधीच होऊन गेलेत असं फार कमी जणांच्या बाबतीत असतं. प्रकार १६ आणि १८ हे दोनच मिळून गर्भाशयमुखाच्या कॅन्सरच्या साधारण ७० टक्के केसेसना कारण आहेत. डोस १, २ की ३ हे वय आणि देशाप्रमाणे बदलतं.

मुलग्यांनाही देतात हो, घशाचा आणि गुदद्वाराचा कॅन्सर पुरुषांनाही याच व्हायरसने होतो. आणि लस झाली म्हणून बायकांनी पॅप किंवा एचपीव्ही टेस्ट (गर्भाशयमुखाच्या कॅन्सरची तपासणी) बंद करायची नाही, हे कृपा करून लक्षात ठेवा, मी दोघीतिघींकडून ऐकलंय की "आता कशाला तपासायचं".

गोवर आणि कांजिण्या मोठेपणी होतात का?

होतात आणि जास्त जोरात होतात. मोठ्या माणसाला कांजिण्या झाल्या तर न्यूमोनियाची भीती मुलांपेक्षा खूप जास्त. गोवराचा रोगी खोलीतून निघून गेल्यावरही २ तासांपर्यंत व्हायरस हवेत राहतो, आणि एक रोगी लस न घेतलेल्या १२ ते १८ जणांना देऊ शकतो. वर गोवर होऊन गेला की शरीराने आधी कमावलेल्या दुसऱ्या आजारांच्या अँटीबॉडीही पुसल्या जातात असं २०१९ च्या संशोधनात दिसलंय. लहानपणी एकच डोस झाला असेल किंवा काहीच माहीत नसेल तर एमएमआरबद्दल (गोवर, गालगुंड आणि रुबेला यांची एकत्र लस) विचारा.

मूल हवंय असं ठरवत असाल तर त्याआधी विचारा. १९४१ साली ऑस्ट्रेलियात नॉर्मन ग्रेग या डोळ्यांच्या डॉक्टरांच्या लक्षात आलं की मोतीबिंदू घेऊन जन्मलेल्या बाळांच्या आयांना गरोदरपणी रुबेला झाला होता. लस त्यासाठीच आहे, पण ती जिवंत लस, म्हणजे कमजोर केलेल्या जिवंत व्हायरसची, असल्यामुळे गरोदरपणात देत नाहीत, घेतल्यावर निदान १ महिना थांबायचं. म्हणजे दिवस राहिल्यावर आठवून काही उपयोग नाही, आधीच आठवायला हवं.

आरएसव्ही आणि कोविड?

आरएसव्हीचा एकच डोस, मुख्यतः ७५ च्या पुढे, त्याआधीच्या वयात हार्ट-फुप्फुसाचा जुना आजार असेल तर, आणि गरोदरपणात शेवटच्या काही आठवड्यांत बाळासाठी. कोविडचे नियम देशाप्रमाणे आणि वर्षाप्रमाणे बदलतायत, वय झालेल्यांनी आणि प्रतिकारशक्ती कमी असलेल्यांनी दरवर्षी फ्लूच्या वेळीच विचारून घ्यावं.

मधला एक डोस राहिला, आता पहिल्यापासून सुरू करायचं का?

नाही! हा गैरसमज खूप आहे आणि त्यामुळे लोक सगळंच सोडून देतात. जिथे थांबलात तिथून पुढे. हिपॅटायटिस बी चा दुसरा डोस ३ वर्षांपूर्वी घेतला आणि तिसरा राहिला, तर आज तिसरा घ्यायचा. उशीर चालतो, घाई चालत नाही, ठरलेल्या कमीत कमी अंतराच्या आधी घेतलेला डोस बाद धरतात.

एकाच दिवशी दोन लसी चालतात का?

बहुतेक चालतात, दोन हातांत दोन. जिवंत लसींचं तेवढं बघायचं, दोन जिवंत लसी एकतर एकाच दिवशी नाहीतर मध्ये निदान २८ दिवस सोडून.

कुणी घेऊ नये?

आधीच्या डोसला किंवा त्यातल्या एखाद्या घटकाला भयंकर ॲलर्जी आली असेल, म्हणजे घसा सुजला, श्वास अडकला, तर ती लस नाही. गरोदर असाल, केमो चालू असेल, अवयव बदललेला असेल, स्टिरॉइडचे मोठे डोस चालू असतील तर जिवंत लस नाही, म्हणजे एमएमआर, कांजिण्या, पिवळा ताप, नाकात मारायची फ्लूची लस. अशी औषधं सुरू होणार असतील तर सुरू व्हायच्या आधीच लसींचा विषय काढा. प्लीहा काढायचं ऑपरेशन ठरलं असेल तर शक्यतो २ आठवडे आधी न्यूमोकॉकस, मेनिंगोकॉकस (मेंदूज्वराचा एक जंतू) वगैरे लसी उरकतात, कारण हे जंतू रक्तातून गाळायचं काम प्लीहा करते.

साधी सर्दी, थोडा खोकला, अँटिबायोटिकचा कोर्स चालू, अंगावर पाजत असणं, यातल्या कशानेही सहसा लस अडत नाही. अंड्याची ॲलर्जी असली तरी फ्लूची लस घेता येते.

टोचून घेताना काय बघायचं?

सैल बाहीचा शर्ट घाला. घट्ट गळ्याचा टीशर्ट असला की माणूस गळा ओढून खांदा पुढे करतो आणि सुई फार वर बसते, सांध्याजवळ, मग खांदा महिनोन्महिने दुखू शकतो. बाही पूर्ण वर घ्या किंवा हात बाहेर काढा, खांद्याच्या हाडाच्या टोकापासून दोन-तीन बोटं खाली जागा असते. व्हायलवरचं, म्हणजे लसीच्या बाटलीवरचं, नाव आणि एक्सपायरी दाखवा म्हणून सांगायला संकोच करू नका, चांगला देणारा स्वतःच दाखवतो. लसी २ ते ८ डिग्रीमध्ये ठेवायच्या असतात आणि धनुर्वात, हिपॅटायटिस बी सारख्या लसी तर गोठल्या की वाया जातात, त्यामुळे घरच्या फ्रिजमध्ये आणून ठेवू नका, जिथे देणार तिथेच ठेवलेली घ्या.

नंतर १५ मिनिटं तिथेच बसा. जिवावर बेतणारी ॲलर्जी १० लाख डोसांमागे साधारण १, पण आलीच तर पहिल्या काही मिनिटांत येते आणि समोर माणूस व औषध असेल तर आटोक्यात येते. चक्कर येणारे लोक मात्र बरेच असतात, आधीच सांगा आणि आडवं होऊन घ्या.

परदेशी जायचंय, कधी सुरुवात करू?

निदान ४ ते ६ आठवडे आधी. पिवळ्या तापाचं सर्टिफिकेट टोचल्यापासून १० दिवसांनी लागू होतं, आदल्या आठवड्यात धावाधाव करणारे तिथेच अडकतात. २०१६ पासून ते आयुष्यभर चालतं, जुन्या कार्डावर १० वर्षांची मुदत छापलेली असली तरी. ६० च्या पुढे ही लस पहिल्यांदाच घेत असाल तर डॉक्टरांशी नीट बोला, त्या वयात गंभीर त्रासाचं प्रमाण थोडं जास्त असतं. कुठे जाताय त्याप्रमाणे हिपॅटायटिस ए, टायफॉइड, मेनिंगोकॉकस, पोलिओचा एक बूस्टर हेही विचारा.

कुत्रा चावला तर?

रेबीजच्या लसीसाठी वाट बघायची नाही, बाकी सगळ्या लसींना उशीर चालेल, हिला नाही. नळाखाली साबणाने १५ मिनिटं घड्याळ लावून जखम धुवा आणि त्याच दिवशी जा. पहिला डोस लगेच, पुढचे तिसऱ्या, सातव्या अशा ठरलेल्या दिवशी, आणि रक्त आलं असेल तर जखमेत इम्युनोग्लोब्युलिन (तयार अँटीबॉडीचं इंजेक्शन), लोक नेमकं हेच मागायचं विसरतात. गरोदर असलात तरी घ्यायची. लक्षणं सुरू झाल्यावर रेबीजमधून जवळपास कुणी वाचत नाही. आधी पूर्ण कोर्स झाला असेल तर सहसा २ डोसवर भागतं आणि इम्युनोग्लोब्युलिन लागत नाही, म्हणून हीसुद्धा तारीख वहीत हवी.

वहीत नेमकं काय लिहायचं?

एका माणसाला एक पान. लसीचं पूर्ण नाव ब्रँडसकट, तारीख, कितवा डोस, बॅच नंबर, कुठल्या हाताला, काही त्रास झाला का, आणि पुढची तारीख लाल पेनाने. व्हायलवरचा स्टिकर मिळाला तर तोच चिकटवते. पानाचा फोटो त्या त्या माणसाच्या मोबाइलमध्ये. पहिल्या पानावर कुणाला कशाची ॲलर्जी आहे आणि कुठली औषधं चालू आहेत ते.

आईचं वय ८१ आहे, आता या वयात कशाला त्रास द्यायचा?

या वयात फ्लू किंवा न्यूमोनियाने हॉस्पिटलमध्ये १० दिवस पडून राहिलं की पायातली ताकद जाते, आणि जे माणूस स्वतःच्या पायाने बाथरूमला जात होतं त्याला परत आल्यावर धरून न्यावं लागतं. दंड एक दिवस दुखण्याचा त्रास त्यापुढे काहीच नाही. वय झालं की लस थोडी कमी लागू पडते हे खरं, पण त्यांनाच तिची सगळ्यात जास्त गरज असते. घरी जाऊन टोचायची सोय होत असेल तर ती करा, नाहीतर एकाच फेरीत फ्लू आणि न्यूमोकॉकस दोन हातांत उरकून घ्या, आणि नागिणीची त्यानंतर महिन्याभराने, त्यांना सुट्टीचे दोन दिवस मिळतील अशी.